छाटणीआधी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरकडेही बघा

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात ब्लोअर (ट्रॅक्टरला जोडायचं फवारणी यंत्र), नोझल, पंप सगळं उघडून बघितलं जातं. सायलेन्सर राहून जातो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, असलेल्या ट्रॅक्टरला हेच महागात पडतं.

टर्बोचं चाक फिरतं ते इंजिनातून निघणाऱ्या गरम धुरावर. चाकाआधी दाब जास्त आणि पुढे कमी, या फरकातून त्याला जोर मिळतो. पुढे सायलेन्सर तुंबला की तो फरक घटतो, टर्बो मंदावतो, इंजिनाला हवा कमी पडते. डिझेल मात्र पडतच राहतं आणि अर्धवट जळतं. मग काळा धूर, तापलेलं इंजिन आणि ब्लोअर जोडताच खाली बसणारे आरपीएम. पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर टिकला नाही तर औषध मांडवातल्या आतल्या पानांपर्यंत पोचत नाही. डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत त्याचं काय होतं, हे बागाईतदाराला सांगायला नको.

मांडवाखाली शिरता यावं म्हणून बरेच जण उभा सायलेन्सर कापून पाइप खाली वळवून घेतात. वळवायला हरकत नाही, पण वेल्डिंगवाला हाताला लागेल तो तुकडा जोडतो, तिथे घोटाळा होतो. दोन इंचांच्या जागी दीड इंची पाइप आला तर धुराची वाट जेमतेम ५६ टक्के उरते. वर दोन काटकोनी जोड असले तर विचारूच नका. व्यास मूळचाच ठेवा, वळणं मोजकी आणि लांब गोलाईची घ्या, पाइपाचं वजन टर्बोवर न टाकता ब्रॅकेटवर घ्या.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पाइपात पाणी, गंजाचे पापुद्रे, कधी कुंभारमाशीचं मातीचं घरही सापडतं. थंड असताना टॉर्च मारून बघा.

अर्थात प्रत्येक काळा धूर सायलेन्सरचा नसतो. आधी एअर फिल्टर साफ करा, टर्बोच्या होसचे क्लॅम्प बघा. तरी ओढ येत नसेल तर मेकॅनिककडून धुराच्या वाटेतला दाब मोजून घ्या. सायलेन्सर काढून ट्रॅक्टर फिरवणं हा उपाय नव्हे. आवाज आणि ठिणग्यांचा धोका आहेच, पावसाचं पाणीही थेट टर्बोत उतरतं.

५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यांच्या सायलेन्सरला गावात कटर लावू नका, बदल करायचाच तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.