खानदेशात राहून विज्ञान करायचंय? लेबलापासून सुरुवात करा

रानपिंगळ्याची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला आधी सांगते. सातपुड्यातला हा छोटा घुबड 1884 नंतर 113 वर्षं कुणाच्या खात्रीच्या नोंदीत आला नाही. नामशेष झाला, असंच अनेकांना वाटत होतं. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहक गृहस्थाने संग्रहालयातला एक नमुना लांबवून त्यावर '1914, गुजरात' असं खोटं लेबल लावलं. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, जुन्या खऱ्या नमुन्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. पक्षी इथेच होता, लेबल खोटं होतं.

मी चोपडा तालुक्यातली, केळी-कपाशीच्या घरातली. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. करताना बाहेरून येणाऱ्या संशोधकांसोबत फिरायचे. वाट दाखवायची, अहिराणीत बोलायचं, नमुने बर्फाच्या पेटीत भरून द्यायचे. एकदा शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. दोन वर्षांनी त्याच पाड्यावर गेले तर एका आजीने हात धरला: "रगत लई गयात माय, पन सांगाले कोनी उनं नही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमुन्यांची यादीसुद्धा माझ्याकडे नव्हती, ती पेटीबरोबर निघून गेली होती.

तेव्हापासून माझा नियम आहे. नोंदीची एक प्रत इथे राहिली पाहिजे, आणि निकाल ज्याचा त्याला मिळाला पाहिजे. काम स्वीकारतानाच हे विचारा. अवघड वाटतं, पण विचारा.

सिकलसेलमध्ये तर निकाल सांगणं हेच निम्मं काम. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. हे ओट्यावर चारचौघांत सांगायचं नसतं. एखाद्या मुलीचं लग्न त्यावरून मोडू शकतं. एकेकाला बाजूला घेऊन, त्याच्या बोलीत, 'वाहक म्हणजे आजारी नव्हे' हे दोन-तीनदा सांगावं लागतं. इथे भिली, पावरी, अहिराणी येणारी मुलं हवीत. तुमची बोली ही तुमची पात्रता आहे, अर्जात ती ठळकपणे लिहा. आणि माणसाचं रक्त घ्यायचं असेल तर नैतिकता समितीची मान्यता, जंगलात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी, हे आधी. त्यात महिने जातात, ते गृहीत धरा.

आता उन्हाचं. मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं, आणि जळगाव-भुसावळला हा आकडा नवा नाही. पण तो असतो सावलीतल्या, वारा खेळत्या पांढऱ्या पेटीतला. केळीबागेतला मजूर पत्र्याखाली झोपतो, त्याच्या घरात किती असतं? आम्ही पत्र्याच्या आणि धाब्याच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं टांगली. पत्रा दुपारी भाजतो आणि रात्री लवकर निवतो. धाब्याची जाड माती दिवसा आत गारवा ठेवते, पण साठलेली उष्णता रात्री सोडते. म्हणून तर आपली माणसं उन्हाळ्यात धाब्यावर झोपायला जातात. दुपारचा एकच आकडा घेतला असता तर धाब्याच्या घरातली रात्र दिसलीच नसती.

पहिल्या खेपेला एक यंत्र मी पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून लावलं. तिसऱ्या प्रहरी भिंत तापायची आणि यंत्र भिंतीचा ताप हवेचा म्हणून नोंदवायचं. अकरा दिवसांची नोंद बाद. ती खोडू नकोस, का बाद केली ते शेजारी लिही, असं मार्गदर्शकांनी सांगितलं. ते पान आजही वहीत आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा जरूर द्या, शिष्यवृत्तीला तो मोठा आधार. पण निकालाची वाट बघत घरी बसू नका. जळगावचं केळी संशोधन केंद्र, पालचं कृषी विज्ञान केंद्र इथे जाऊन माणसांना भेटा. नकाशांसाठी क्यूजीआयएस, आकडेमोडीसाठी आर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मला आर यायला वर्ष लागलं, तेही रात्री वीज असेल तेव्हा.

आणि ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही मागा. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ती गावाने करायची असते. एका गावची वही मी चाळली तेव्हा अर्ध्या पानांवर झाडांची नुसती पुस्तकी नावं होती. महू (मोह), चारोळी वेचणाऱ्या बायांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यातल्या दोघी आता आमच्याबरोबर फिरतात. कुठल्या नाल्याकाठचा महू यंदा आधी फुलला, ते त्या सांगतात आणि त्यांच्या नावानिशी, तारखेसह आम्ही लिहितो. तुम्ही येणार असाल तर मार्चच्या सुरुवातीला या, फुलं पहाटे गळतात, म्हणजे उजाडायच्या आत निघावं लागेल.