फोर बाय फोरची ड्राइव्हलाइन आखताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या बाहा एसएई या विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेने २०२३पासून फोर व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद चारही चाकांना) सक्तीची केली. मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलंही आता ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी), पुढचं डिफरन्शियल (एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वगैरे ड्राइव्हलाइनच्या, म्हणजे ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या गोष्टींशी झटतात. दुसरीकडे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या जीपचे एक्सल शोधत फिरणारे हौशी लोक आहेतच. दोघांचीही आकडेमोड बहुतेक वेळा इंजिनापासून सुरू होते आणि तिथेच गडबड होते. टायर जमिनीला जेवढा धरतो, त्यापेक्षा जास्त टॉर्क (फिरवणारा जोर) त्या चाकाच्या शाफ्टवर टिकत नाही, चाक घसरतं. म्हणून हिशेब टायरपासून मागे, इंजिनाकडे यायला हवा.

‘भागिले चार’

समजा गाडी १,८०० किलोची आहे. इंजिन ३०० न्यूटन मीटरचं, पहिला गिअर ४, लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू गिअर) २.५ आणि क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) ४. सगळा गुणाकार केला की १२,००० न्यूटन मीटर येतात. मग सरळ चारने भागायचं, प्रत्येक चाकाला ३,००० आणि चारही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) त्याच मापाचे. कागदावर छान दिसतं.

आता खालून वर या. खड्या चढावर मागच्या एक्सलवर १,२०० किलो आले असं धरू. घर्षण गुणांक ०.८ आणि टायरची त्रिज्या ०.३६ मीटर असेल, तर तो अख्खा एक्सल साधारण ३,४०० न्यूटन मीटरच झेलू शकतो. त्यापुढे टायर घसरणार. डिफरन्शियल साधं असेल तर ते दोन शाफ्टमध्ये निम्मं-निम्मं वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकी १,७००. पण लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) बसवला आणि एक चाक हवेत गेलं, तर सगळं वजन दुसऱ्या चाकावर येतं आणि पूर्ण ३,४०० एकाच शाफ्टमधून जातात. वर क्लच झटकन सोडल्याचा धक्का वेगळा. म्हणजे ३,००० हा आकडा साध्या डिफला उगाच जड पडतो आणि लॉकरला अपुरा.

पुढचा एक्सल हलका चालेल असं इथे बरेच जण ठरवून टाकतात. चढ चढताना पुढे वजन कमी असतं हे खरं. पण गाडी अडकली की माणूस रिव्हर्स टाकतो. उताराकडे तोंड असलेली गाडी मागे चढवताना तेच १,२०० किलो पुढच्या एक्सलवर येतात आणि ड्रायव्हरने स्टीअरिंगही पूर्ण वळवलेलं असतं. सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला शाफ्टशी जोडणारा सांधा) जास्तीत जास्त कोनात असताना सर्वात नाजूक असतो. पुढचे जॉइंट तुटतात ते बहुधा अशाच वेळी. रिव्हर्सचा हिशेब नसलेलं डिझाइन मी अर्धवटच समजतो.

मोठे टायर घातले की त्रिज्येच्या प्रमाणात हे सगळे आकडे वाढतात. क्राउन-पिनियनचं रेशो वाढवलं तर प्रोपेलर शाफ्टवरचा (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतच्या दांड्यावरचा) ताण कमी होतो आणि हबमध्येच गिअर रिडक्शन दिलं तर हाफ शाफ्टही वाचतो. असे पोर्टल एक्सल असलेल्या मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला हा फायदा मिळतो.

कोरड्या काँक्रीटवर ४एच

पार्ट-टाइम (गरजेपुरती चारही चाकं जोडणाऱ्या) फोर बाय फोरमध्ये मध्यभागी डिफरन्शियल नसतं. लिव्हर ४एचमध्ये (चारही चाकं, हाय रेंज) टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. थारच्या तीन दारांच्या मॉडेलचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर आहे. मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येवर वळला तर पुढचा साधारण ५.५७ मीटरवर वळतो. नुसत्या काटकोनी वळणात पुढच्या चाकांना जवळपास ९० सेंटिमीटर जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर घसरून हा फरक पचवतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कोरड्या पृष्ठभागावर तो घसरत नाही, मग शाफ्टच पिळला जातो. वळताना गाडी उड्या मारल्यासारखी चालते, स्टीअरिंग जड होतं आणि लिव्हर ४एचमधून निघत नाही. तो हाताने ओढत बसू नका. गाडी सरळ ठेवून थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर आपोआप हलतो.

सरळ रस्त्यावरही हे होतं. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील, तर ५ मिलिमीटर त्रिज्येचा फरक म्हणजे जवळजवळ १.४ टक्के. लॉक असलेल्या गाडीत मोठा टायर ओढतो आणि छोटा ब्रेकसारखा मागे खेचतो. टॉर्क गाडीतल्या गाडीतच फिरत राहतो आणि ओढणाऱ्या एक्सलच्या शाफ्टवर इंजिन देतंय त्याहून जास्त भार पडतो. पुढच्या-मागच्या एक्सलचं रेशो जुळत नसेल तरी हेच. भंगारातून दोन वेगवेगळ्या गाड्यांचे एक्सल जोडणाऱ्यांनी दोन्ही क्राउनचे दात मोजूनच पैसे द्यावेत.

‘डिफ घसरणाऱ्या चाकाला जास्त टॉर्क देतो’

नाही देत. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना टॉर्क कायम सारखाच देतं, बदलतो तो वेग. खरी अडचण अशी की हा सारखा टॉर्क सर्वात कमी पकड असलेल्या चाकाइतकाच असतो. वरचीच १,८०० किलोची गाडी घ्या, तिन्ही डिफ साधे, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. एक चाक चिखलात, तिथे गुणांक ०.१. त्या चाकाची ओढ सुमारे ४४० न्यूटन, म्हणून चारही चाकांची मिळून १,७६६. दहा मीटरला एक मीटर चढ असलेल्या रस्त्यावर नुसतं वजनच १,७५७ न्यूटनने मागे ओढतं. त्यात टायर फिरण्याचा रोध धरला की तीन चाकं कोरड्या दगडावर असूनही गाडी जागची हलत नाही.

चाकं वाढली की डिफ वाढतात. सगळ्या चाकांना मोकळं वळू द्यायचं तर चाकांच्या संख्येहून एक कमी, म्हणजे सिक्स बाय सिक्सला ५ आणि एट बाय एटला ७. त्यातलं कुठलं कधी लॉक होणार, हे डिझाइनच्या पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, कारण शाफ्टचं माप त्यावरच अवलंबून असतं.

क्रॉसचा कोन

लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) टाकून आलेल्या गाडीची नेहमीची तक्रार म्हणजे ६०च्या पुढे थरथर. साधा क्रॉस (शाफ्ट जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट) कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेगात येतो, दोनदा मंदावतो. १० अंशांना हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्का असतो, २० अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास जातो. दुसरा क्रॉस तो खोडून काढतो, पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे शाफ्टचे काटे) एका रेषेत हवेत. लिफ्टनंतर कोन कमी दिसावा म्हणून पाचर घालून पिनियन वर उचलतात. डबल क्रॉसवाल्या (एकाच टोकाला जोडीने दोन क्रॉस असलेल्या) शाफ्टला ते चालतं, साध्याला नाही. साध्यात पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुटला समांतरच हवा. दुसरी चूक गॅरेजमधली, शाफ्ट खोलून स्प्लाइन (एकात एक सरकणाऱ्या दातांचा जोड) एक दात इकडेतिकडे बसवणं. खोलण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा. आणि कोन अगदी शून्यही ठेवू नका. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात, एखादा अंश द्याच.

थरथर कुठून येते ते ओळखायचं तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके म्हणजे कोन किंवा योक, एक झटका म्हणजे बॅलन्स किंवा वाकलेली नळी. व्हीलबेस वाढवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. शाफ्ट दुप्पट लांब केला तर तो ज्या वेगाला झुलू लागतो तो वेग चौथ्या हिश्शावर येतो. लांब शाफ्ट दोन तुकड्यांत करून मध्ये बेअरिंग द्या.

पावसाळा आणि टोइंग

हायवेवरून तापलेली गाडी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात शिरली की एक्सल हाउसिंगमधली हवा झटकन आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हाउसिंगची हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेतून) पाणी आत ओढलं जातं. ड्रेन प्लग उघडल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातील. ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत उंच नेणं हा फार स्वस्त उपाय आहे आणि डिझाइनच्या ड्रॉइंगमध्ये तो कधीच दिसत नाही.

टोइंगची व्हॅन दोन चाकं उचलून गाडी नेते. पार्ट-टाइम गाडी २एचमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) असेल तर कुठली चाकं जमिनीवर राहिली ते बघा, फुल-टाइम ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर फ्लॅटबेडच मागवा. दोन चाकं थांबलेली आणि दोन फिरती असली की मधलं कपलिंग काही किलोमीटरांतच जळतं.