टीमवर्कचा प्रश्न आला की ‘आम्ही’ जरा आवरा

‘टीममध्ये काम केल्याचा एखादा अनुभव सांगा’ असं मुलाखतीत विचारलं की बहुतेक जण ‘आम्ही हे केलं, आम्ही ते केलं’ असं सुरू करतात. ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात तुमचा हात नेमका कुठे लागला ते समोरच्याला कळतच नाही. चौघांनी मिळून रिपोर्ट केला, ठीक. तुम्ही काय केलंत? ‘दोन विभागांचे आकडे जुळत नव्हते. मी दोन्ही शीट शेजारी ठेवून पाहिल्या, तर एकात परत आलेला माल वजाच केला नव्हता.’ एवढं पुरतं. पुढे ज्याने दुरुस्ती केली त्याचं श्रेय त्याला द्या, म्हणजे ‘मी-मी’ होत नाही.

खरी गंमत ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?’ या प्रश्नात असते. ‘माझं कधी कुणाशी वाजलंच नाही’ हे कुणालाच पटत नाही. कामावरून झालेला वाद निवडा, हेवेदावे नकोत. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या बाजूने नीट मांडा, मग काय ठरलं ते सांगा. त्यात तुमचंच चुकलं होतं असं निघालं असेल तर बिनधास्त सांगा. माझ्या मते असाच प्रसंग सगळ्यात चांगला.

उत्तर दीड-दोन मिनिटांत संपवा. असे दोन-तीन प्रसंग आदल्या दिवशी मोठ्याने बोलून पाहा. पाठ मात्र करू नका, लगेच ओळखू येतं.