कृत्रिम पाय, साईडव्हील आणि घाट: दिव्यांगांसाठी दुचाकीची जुळणी

गॅरेजात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "साईडव्हील लावायची ना?" लगेच मान डोलवू नका. साईडव्हील म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसवायची जादा चाकं. त्यांच्याशिवाय काहींचं पान हलत नाही, आणि काहींच्या गळ्यात ते उगाच लोढणं पडतं. कोणता अवयव नाही यापेक्षा कोणतं काम अडतंय ते आधी पाहा. बंद गाडीवर बसा, मागे एक माणूस उभा करा. थांबल्यावर एका तरी पायावर गाडी पेलते का? स्टँडवरून काढता-लावता येते का? उतरून चार पावलं ढकलता येते का? तिन्ही जमत असेल तर दोन चाकं पुरतात, मग प्रश्न फक्त गिअर-ब्रेकचा उरतो. दोन्ही पायांना पोलिओ आहे, किंवा एक पाय मांडीतून गेलाय आणि दुसऱ्यात जोर नाही, तर गाडी पेलणारच नाही. तिथे साईडव्हील.

गुडघ्याखाली पाय नसेल तर

डावा पाय कृत्रिम असेल तर अडतो तो गिअर. कृत्रिम पाऊल घोट्यातून वर उचलत नाही, त्यामुळे लिव्हरखाली चवडा घालून वर टाकायचा गिअर अर्धवट पडतो आणि गाडी मध्येच न्यूट्रलमध्ये राहते. म्हणून चवड्याने आणि टाचेने, दोन्हीकडून दाबायची लिव्हर असलेली गाडी घ्या. स्प्लेंडरमध्ये चारही गिअर पुढे दाबून पडतात आणि टाचेने उतरतात, उचलायचं कामच नाही. एक खाली आणि बाकी वर अशा गाडीतही टाचेची लिव्हर असली की भागतं.

दाब घोट्यातून येत नाही, मांडीतून येतो. त्यासाठी पाऊल फूटरेस्टवरून पूर्ण उचलून लिव्हरवर ठेवावं लागतं, तेवढी मोकळी जागा हवी. लिव्हर ज्या दातेरी दांड्यावर बसते तिथला बोल्ट ढिला करून ती एक-दोन दाते वर-खाली सरकवा. कृत्रिम पाय आणि रोजचीच चप्पल-बूट घालून हे करा. तळ बदलला की कोन बदलतो. गिअर पडला की नाही हे पावलाला कळत नाही, म्हणून क्लच हळू सोडून इंजिनाचा आवाज ऐकायची सवय लावा. खाली वाकून बघू नका.

उजवा पाय कृत्रिम असेल तर वेगळंच दुखणं: पाऊल नकळत ब्रेकच्या पॅडलवर टेकून राहतं. पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि मागच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. धग लागली, किंवा मागून येणाऱ्याने "ब्रेक लाईट सारखी पेटतेय" म्हटलं, तर ब्रेकचं लायनर घासतंय. पॅडल थोडं खाली घ्या आणि फूटरेस्टवर टाचेमागे एल आकाराची पट्टी बोल्टने लावा, म्हणजे टाच जागेवर राहील. पट्ट्याने पाऊल बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गाडी आडवी झाली की बांधलेला पाय गाडीसोबत फरफटतो. खरं सांगायचं तर उजव्या पायासाठी स्कूटर सगळ्यात सोपी, कारण मागचा ब्रेक डाव्या हातात असतो.

आपला रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता. डावीकडून चालताना डाव्या पायाखालची जमीन खाली जाते. डावा पाय कृत्रिम असेल तर उजवा टेकायचा, तो उंच बाजूला, म्हणजे सोयीचं. उजवा कृत्रिम असेल तर डावा पाय पोकळीत जातो. अशांनी सीटची उंची बघूनच गाडी घ्यावी: ॲक्टिव्हाची साधारण ७६५ मिमी, स्प्लेंडरची ७८५. हे २० मिमी कागदावर किरकोळ वाटतात. सिग्नलला मागे बायको-पोर बसलेलं असताना ते किरकोळ नसतात.

साईड स्टँड डावीकडे असतो. पावलाने तो चाचपत बसण्यापेक्षा त्याला वेल्डिंग करून वीतभर सळी जोडा आणि हाताने काढा-लावा. सळी वळणात रस्त्याला लागणार नाही ना, तेवढं पाहा.

सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी, बनवताना किंवा बदलताना शक्य असेल तर गाडीवर बसूनच फिटिंग तपासा. चालताना उत्तम बसलेल्या सॉकेटची मागची कड गुडघा काटकोनात वाकवला की गुडघ्यामागच्या खळगीत रुतते. ती कड किती खाली घ्यायची ते टेक्निशियनला बसलेल्या अवस्थेत दाखवावं लागतं.

साईडव्हील

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मधलं मागचं चाक एकटंच गाडी ओढतं, आणि बहुतेक किटमध्ये मागचा ब्रेकही त्याच चाकावर असतो. बाजूची दोन चाकं फक्त तोल धरतात. ती जास्त खाली बसवली, किंवा त्यांचे शॉकअप कडक निघाले, तर मधल्या चाकावर भार येत नाही. मग चढावर चाक नुसतं फिरतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी पुढे जाते.

तपासायला मोकळ्या मुरमाड जागेवर जा, सीटवर बसा, चालण्याच्या वेगाने जाऊन मागचा ब्रेक घट्ट दाबा. मधल्या चाकाने माती ओरबाडून खोल चर काढायला हवा. बाजूच्या चाकांचे ठसे ठळक आणि मधला पुसट दिसला तर गाडी परत मेस्त्रीकडे. एकटे असताना मधल्या चाकात २९ पीएसआयच्या आसपास हवा ठेवा, बाजूच्यांत त्याहून कमी, पण दोन्हींत तंतोतंत सारखी. एकीकडे चार-पाच पीएसआय कमी झाली की गाडी त्या बाजूला ओढते आणि संध्याकाळी खांदा सांगतो.

फ्रेम चेसिसला वेल्ड करू देऊ नका. बोल्ट आणि नायलॉन लॉकनट हवेत. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा, नंतर दर ५०० ला. धुताना फ्रेमच्या सांध्यांवर बोट फिरवा: रंगावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर तो गंज नाही, तडा आहे; पाणी आत शिरून ती तांबडी होते. बाजूच्या चाकांना मागच्याच मापाचा, ॲक्टिव्हाला १० इंची, टायर असलेलं किट घ्या. एक स्टेपनी तिन्हींना चालते.

आता चालवणं. ही गाडी वळणात झुकत नाही, हँडल फिरवूनच वळते. दुचाकीची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी इथेच फसतो. उजव्या वळणात गाडी डावीकडे फेकली जाते आणि उजवं चाक उचलतं. वेग वळणाआधीच कमी करा आणि अंग आतल्या बाजूला टाका. आधी मोकळ्या मैदानात सहा-सात मीटरच्या वर्तुळात दोन्ही दिशांनी पंधरा-वीस फेऱ्या मारा, कोणत्या वेगाला चाक हलकं होतं ते कळेल. मागे तीन चाकोऱ्या पडतात, त्यामुळे खड्डा दोन चाकांच्या मधे घेता येत नाही. स्पीडब्रेकर सरळच घ्या, तिरका नको.

सांगलीच्या सपाटीवर ही गाडी मजेत चालते, पण गळीत हंगामात जपा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरशेजारी आता तुम्हाला दुचाकीएवढी फट पुरणार नाही. रस्त्यावर पडलेली कांडी मधल्या चाकाखाली गेली की ब्रेक घसरतो. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी सांडलेली काळी माती ओली असेल तर वेग आधीच उतरवा.

साताऱ्याकडे प्रश्न घाटाचा. यवतेश्वर किंवा पसरणी उतरताना रेस पूर्ण सोडून वेग फार खाली आला तर स्कूटरचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. सगळा भार लायनरवर. रेस किंचित दिलेली ठेवा, ब्रेक सोडून-सोडून मारा. जळका वास आला की रुंद जागा बघून दहा मिनिटं थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका. चढताना स्कूटरच्या ड्राइव्ह बेल्टचा वास आला तरी तेच. साईडव्हीलवर डबलसीट घाट चढणं टाळलेलं बरं.

कुबड्या गाडीच्या अंगासरशी उभ्याच ठेवा. पाइपचा तुकडा खाली, वर रबरी पट्टा, बास. आडव्या बांधलेल्या कुबड्या बाजारात कुणाच्या तरी पोटात जातात.

हात नसेल तर

डावा हात नसेल तर क्लचची गाडी सोडा, बिनगिअरची घ्या आणि दोन्ही ब्रेकच्या तारा उजव्या लिव्हरवर आणा, मागचा किंचित आधी लागेल अशा. उजवा नसेल तर डाव्या अंगठ्याने दाबायचा रेस बसवावा लागतो. दोन्हींत धोका एकच: जोरात ब्रेक मारला की अंगाचा सगळा भार एका हातावर येतो आणि हँडल त्या हाताच्या उलट बाजूला फिरतं. कोपराखालचा भाग शिल्लक असेल तर हँडलवर वाटीसारखा आधार करा, वरून उघडा, हात झटकन निघेल असा. कोपराच्या वर हात गेला असेल तर साईडव्हील घ्या.

पासिंग आणि लायसन्स

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली फेरफाराला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर नोंद होते. ही 'ॲडाप्टेड व्हेईकल'. २०१९ च्या दुरुस्तीआधी तिलाच 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, जुन्या लायसन्सवर तेच छापलेलं असेल. कार्यालयं साताऱ्याला एमएच ११, कऱ्हाडला एमएच ५०, सांगलीला एमएच १०. किट लावण्याआधी मोटार वाहन निरीक्षकाला भेटा; आधी लावून मग मंजुरी मागितली की हेलपाटे ठरलेले. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर, आणि चाचणी तुमच्या स्वतःच्या फेरफार केलेल्या गाडीवर द्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवा. विमा कंपनीला फेरफार लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. दिव्यांगांच्या गाडीसाठी हप्त्यात सवलत मागा, आपणहून कुणी देत नाही. किटच्या खर्चासाठी ग्रामपंचायतीत चौकशी करा, स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो.

लांब जाताना दर २५-३० किलोमीटरला थांबून स्टंप, म्हणजे उरलेल्या पायाचं टोक, बघा. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने मोजा ओला होतो आणि त्यावर इंजिनाची थरथर. लाल डाग दहा मिनिटांत गेला नाही तर पुढे जाऊ नका. डिकीत दोन कोरडे मोजे, छोटा हवा भरायचा पंप, १२-१४ चा पाना आणि पावसात सॉकेटवर घालायला प्लास्टिकची पिशवी ठेवा, तोंडाला रबरबँड लावून.