डोव्हरचा किल्ला बघायला जाताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना लंडन दाखवून झालं की चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो : "अगं, इथे एखादा गड नाही का जवळपास?" आमचं सासर-माहेर दोन्हीकडे किल्ल्यांचं वेड. मग मी डोव्हरचं नाव काढते, इंग्लंडच्या आग्नेय टोकाला समुद्रकाठच्या कड्यावर असलेल्या किल्ल्याचं. आतापर्यंत पाच वेळा पाहुण्यांना घेऊन गेले आणि पहिल्या तीन खेपांना काही ना काही हुकलंच.

हुकण्याचं मूळ एकच. आपण डोक्यात सह्याद्रीतला गड घेऊन जातो. पहाटे निघायचं, चढायचं, बालेकिल्ला गाठायचा, कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढायचा आणि ऊन चढायच्या आत उतरायचं. डोव्हरला यातली एकेक सवय अंगाशी येते. या गडाचा निम्मा जीव माथ्यावर नाही, डोंगराच्या पोटात आहे.

आत शिरल्याशिरल्या बालेकिल्ल्याकडे धावू नका

तिकीट दाखवून आत गेलं की समोर तो भला थोरला चौकोनी बुरूज दिसतो, ग्रेट टॉवर. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८० च्या दशकात बांधून घेतलेला. भिंती काही ठिकाणी सहा मीटरांहून जाड. पाय आपोआप तिकडे वळतात, सगळ्यांचेच वळतात. पण टॉवर कुठे पळून जात नाही. रांग लागते ती खालच्या भुयारांना, कारण तिथे ठरावीक माणसांच्या गटानेच आत सोडतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराला तिथे पोहोचलात तर तासभर उभं राहायची तयारी ठेवा. म्हणून दार उघडताच आधी भुयारं, टॉवर जेवणानंतर.

भुयारं खणायला सुरुवात झाली १७९७ च्या सुमारास. फ्रान्सशी युद्ध पेटलेलं, गावात सैन्य मावेना, तेव्हा कड्याच्या पोटातच बराकी कोरल्या. ऐन भरात सुमारे दोन हजार सैनिक तिथे राहत. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच भुयारांत व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे यांचं मुख्यालय होतं. फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेलं दोस्तांचं सैन्य सोडवून आणण्याची मोहीम, ऑपरेशन डायनॅमो, त्यांनी इथूनच चालवली. सुरुवातीला पंचेचाळीस हजार माणसं सुटली तरी पुष्कळ, असा अंदाज होता. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत ३,३८,२२६ जणांना आणलं.

त्यात आपलेही लोक होते. खेचरांवरून सामान वाहणाऱ्या भारतीय तुकड्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून फ्रान्सला निघाल्या होत्या. जवान बहुतेक पंजाबकडचे. डंकर्कहून त्यांच्यातले बरेच जण सुखरूप इंग्लंडला पोहोचले, खेचरं मात्र तिकडेच सोडून द्यावी लागली. भुयारात शिरण्याआधी पाहुण्यांना एवढं सांगून ठेवा. भिंतीवर चालणारी जुनी चित्रफीत मग वेगळीच दिसते. माझे काका, एरवी संग्रहालयात दर दहा मिनिटांनी चहा शोधणारे, तिथून हलेचनात.

उशीर झालाच असेल तर आत शिरताच कर्मचाऱ्यांना विचारा की डायनॅमोच्या भुयारांची रांग किती आहे. फार असेल तर भूमिगत रुग्णालयाची फेरी घ्या. ती छोटी असते आणि रांगही बहुधा आटोपशीर. भुयारात उन्हाळ्यातही गारवा असतो, स्वेटर हवा. बंद जागेत ज्यांना घुसमटतं त्यांनी बाहेर हिरवळीवर थांबलेलं बरं, मध्येच मागे फिरणं अवघड पडतं.

"हा काय, समोरच तर दिसतोय"

डोव्हर प्रायरी स्टेशनातून बाहेर पडलं की किल्ला समोर दिसतो आणि काकांसारखी माणसं म्हणतात, टॅक्सी कशाला? अंतर दीडएक मैलाच्या आतलंच, पण शेवटचा चढ छातीवर येतो. आणि हे सगळं किल्ल्याच्या दारापर्यंतच. आत सुमारे ८० एकरांचा पसारा आहे, चढउतारांसकट. मावशीचे गुडघे दारातच संपले आणि टॉवरचा चक्री जिना तिने खालूनच पाहिला. जाताना टॅक्सी, येताना पायी, एवढं साधं गणित.

लंडनहून सेंट पॅन्क्रस स्टेशनवरची हायस्पीड गाडी साधारण सव्वा तासात पोहोचवते, चेरिंग क्रॉस किंवा व्हिक्टोरियाहून जवळजवळ दोन तास लागतात. पण साध्या गाडीचं स्वस्त तिकीट काढून हायस्पीडमध्ये चढू नका. ते तिकीट तिथे चालतंच असं नाही आणि फरक गाडीतच भरावा लागतो.

फोनच्या घड्याळावर विसंबू नका

या चुकीने आमचा एक अख्खा दिवस खाल्ला. दुपारी आम्ही कड्याच्या बाजूला उभे होतो. काकांनी फोन पाहिला आणि ओरडले, "पावणेपाच वाजले! गाडी!" मी पोरांना ओढत, मावशीला सावरत उताराने खाली पळाले. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. टॉवर तसाच राहिला.

झालं असं की काकांच्या फोनने समुद्रापलीकडचा फ्रेंच मोबाइल टॉवर पकडला होता. इथून फ्रान्स जेमतेम ३३ किलोमीटर. कड्याच्या कडेला, आणि पूर्वेकडे सेंट मार्गारेट्स बेच्या बाजूला तर फारच, ब्रिटिश नेटवर्क क्षीण पडतं आणि फ्रेंच जोरात येतं. फ्रान्स एक तास पुढे. फोनही मुकाट्याने एक तास पुढे जातो, वर "फ्रान्समध्ये स्वागत" असा संदेश येतो आणि प्लॅन तसा असेल तर रोमिंगचे पैसेही कापले जातात.

म्हणून डोव्हरच्या आधीच डेटा रोमिंग बंद करा, नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हाताने निवडा आणि टाइम झोन लंडनवर पक्का करा. सगळ्यात सोपं म्हणजे मनगटावर घड्याळ बांधा. काका आता एचएमटी घालून येतात.

कडा म्हणजे कोकणकडा नव्हे

आपल्याला काळ्या कातळाची सवय. हरिश्चंद्रगडाला आपण पोटावर सरपटत कोकणकड्याच्या टोकाशी जातो, कारण तो बेसाल्ट आहे आणि टोक सहसा दगा देत नाही. डोव्हरचा कडा खडूचा आहे. अगदी शाळेतला खडू. बोट घासलंत तर पांढरं होईल. पावसाचं पाणी फटींत मुरतं, थंडीत गोठून फुगतं, खालून लाटा पाया पोखरतात आणि एक दिवस मोठा तुकडा सुटतो. मार्च २०१२ मध्ये किल्ल्याच्या पूर्वेला असाच मोठा भाग समुद्रात कोसळला. वरून हिरवळ शाबूत दिसते आणि खाली पोकळी असू शकते. पायवाट सोडून सेल्फीसाठी टोकाला जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका.

आणि ज्या पांढऱ्या कड्यासाठी आलात तो तुम्हाला किल्ल्यावरून धड दिसणारच नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे आहात. आमच्या मंडळींनी दोन तास "पांढरा कडा कुठाय?" असं विचारलं. तो पाहायचा तर खाली बंदराजवळच्या किनाऱ्यावर जा, किंवा पूर्वेला लँग्डनच्या बाजूने पायवाट धरा आणि पुढच्या वळणावरून कड्याची रांग पाहा.

दोन जागा, दोन संस्था

किल्ला इंग्लिश हेरिटेजकडे, लँग्डनचे पांढरे कडे नॅशनल ट्रस्टकडे. एकाचं सभासदत्व दुसरीकडे चालत नाही. कड्यावर पायी फिरायला पैसे नाहीत, गाडी लावायला आहेत. दोन्ही जागा एका दिवसात होतात, पण त्यासाठी सकाळी दहाला दारात असायला हवं. भारतातून आलेल्यांचा स्टोनहेंजचाही बेत असेल तर इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा नऊ किंवा सोळा दिवसांचा पास पाहा, दोन तिकिटांच्या बेरजेशी ताडून मगच घ्या. हिवाळ्यात किल्ला बरेचदा फक्त शनिवार-रविवारी उघडा असतो आणि फार वारा सुटला तर बंदही करतात, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळ पाहणं चुकवू नका.

फक्त समुद्राकडे बघत बसू नका

खऱ्या गडप्रेमी माणसाची ही चूक, म्हणून यावर जरा जास्त. समुद्रकाठचा किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विजयदुर्ग, सिंधुदुर्ग येतात आणि शत्रू गलबतांतून येणार असं वाटतं. डोव्हरला सर्वांत मोठा घाव बसला जमिनीच्या बाजूने, उत्तरेकडून.

१२१६ साली इंग्लंडच्या जॉन राजावर उठलेल्या सरदारांनी फ्रान्सचा राजपुत्र लुई याला बोलावून घेतलं. त्याने डोव्हरला वेढा घातला. किल्लेदार होता ह्यूबर्ट द बर्ग. लुईच्या माणसांनी उत्तरेच्या दरवाजाखाली सुरुंग लावला. सुरुंग म्हटल्यावर आपल्याला दारू आठवते, पण दारू अजून या देशात यायची होती. जमिनीखाली पोखरत जायचं, वरचा भार लाकडी खांबांवर तोलून धरायचा आणि मग ते खांब पेटवून द्यायचे, हा तो सुरुंग. दरवाजाचा पूर्वेकडचा बुरूज खाली आला, फ्रेंच सैन्य आत घुसलं. शिबंदीने त्यांना मागे रेटलं आणि ओंडके रचून खिंडार बुजवलं. किल्ला पडला नाही.

आता तिथे जाऊन पाहा. तो दरवाजा कायमचा बुजवून टाकला आहे. नवा दरवाजा, कॉन्स्टेबल्स गेट, १२२० च्या दशकात पश्चिमेला बांधला आणि उत्तरेच्या टोकाखाली बचावासाठी भुयारं खणली. या मध्ययुगीन भुयारांत जाता येतं, तिथे गर्दी नसते आणि नव्वद टक्के पाहुणे ती न बघताच परत जातात. (हा नव्वदचा आकडा माझा, खेकसू नका.) आपला गडही असाच वाचायचा असतो ना, चूक कुठे झाली होती आणि डागडुजी कुठे केली ते शोधत?

दीपगृह आणि चर्च चुकवू नका

टॉवरपासून थोड्या अंतरावर एका उंचवट्यावर एक ओबडधोबड अष्टकोनी मनोरा आहे. लोक त्याला पडकी घंटाघरासारखी इमारत समजून पुढे जातात. ते रोमन दीपगृह आहे, दुसऱ्या शतकातलं, म्हणजे हेन्रीच्या बालेकिल्ल्याहून हजारएक वर्षं जुनं. वरचा भाग नंतर मध्ययुगात रचलेला, खाली रोमन विटांचे लाल थर स्पष्ट दिसतात.

त्याला चिकटून सेंट मेरी हे सॅक्सन काळातलं चर्च आहे. ते मोडकळीला आलं होतं. १८६० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार केला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे करणारे स्कॉट ते हेच, मुंबईला कधीही न येता लंडनमध्ये बसून. फोर्टात कॉलेज केलेल्या मावशीला हे सांगितल्यावर तिने गुडघे विसरून चर्चला पूर्ण प्रदक्षिणा घातली.

छत्री, डबा आणि सीगल

छत्री नेऊ नका, पहिल्याच झुळकीला उलटते. टोपी असलेलं जाकीट न्या. पोळीभाजीचा डबा खुशाल न्या, हिरवळ भरपूर आहे, फक्त भिंतीच्या आडोशाला बसा आणि डोक्यावर लक्ष ठेवा. इथले सीगल हातातला घास नेतात. आमचा एक आख्खा मेथीचा पराठा फ्रान्सच्या दिशेने गेला.

फ्रान्सवरून आठवलं. "समोरच दिसतंय, बोटीने जाऊन येऊ" असं कोणीतरी म्हणतंच. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि फ्रेंच अधिकारी ती तपासणी डोव्हरच्या बंदरातच करतात.

गावाला वळसा घालून परत फिरू नका

डोव्हर गाव पहिल्या नजरेला निराश करतं हे कबूल. १९४० ते ४४ या काळात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या जर्मन तोफांनी ते झोडपलं आणि नंतरची बांधणी काही फार देखणी नाही. म्हणून बहुतेक जण किल्ल्यावरून थेट स्टेशन गाठतात. त्याऐवजी शेवटचा तास मार्केट स्क्वेअरमधल्या डोव्हर म्युझियमसाठी राखा. बंद व्हायची वेळ आधी पाहून ठेवा.

वरच्या मजल्यावर काचेआड एक होडी आहे. १९९२ मध्ये रस्त्याचं खोदकाम चालू असताना चिखलात सापडली, साधारण साडेतीन हजार वर्षं जुनी. ओकच्या फळ्या एकमेकींना यू झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी शिवल्या आहेत, खिळा कुठेच नाही. काका बराच वेळ वाकून टाके बघत होते. मग म्हणाले, "कोकणात पूर्वी काथ्याने शिवायचे तशीच की. गोव्यात परवा ते कौंडिण्य जहाज बांधलं ना, तसं." त्या खेपेला गाडी खरोखरच चुकली.