मागच्या सरकारवर छळाचा खटला भरावा का, हे ठरवायचं कसं

शनिवारी संध्याकाळी सोलापुरात चार हुतात्मा चौकाजवळ आमचा कट्टा बसतो, पाच-सहा जण असतो, कॉलेजची पोरं पण येतात. त्यातल्या एका पोरीला वादविवाद स्पर्धेत हा विषय आला, सत्तेत आलेल्या नवीन सरकारनं आधीच्या सरकारवर कोठडीतल्या छळाबद्दल खटले भरावेत का नाही. काका बाजूनं बोलू का विरोधात, म्हणाली. म्हटलं, आधी ठरवायचं कसं ते बघ. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा विषय निघाला की दोन मिनिटात गाडी पक्षावर येते आणि मार खाल्लेला माणूस बाजूलाच राहतो.

सगळ्यात आधी पक्षाचं नाव झाकायचं. एका कागदावर घडलं तेवढंच लिहायचं, कुणाला उचललं, कुठं ठेवलं, किती दिवस, काय केलं, हुकूम कुणाचा होता. नेत्याचं नाव नाही, झेंड्याचा रंग नाही. मग तो कागद आपल्याच आवडत्या पक्षाच्या राज्यात घडलाय असं धरून पुन्हा वाचायचा. राग तेवढाच आला तर पुढं चला, कमी आला तर आपण न्याय मागत नाही, उट्टं काढतोय.

नंतर बघायचं की खटला नेमका कशाचा भरताय, आणि इथंच लै लोक घसरतात. आपलंच उदाहरण घ्या, आणीबाणी २५ जून १९७५ ला लागली, मार्च १९७७ ला उठली, जनता सरकार आलं, आणीबाणीतल्या अत्याचारांच्या चौकशीला शाह आयोग नेमला. पण ३ ऑक्टोबर १९७७ ला इंदिरा गांधींना अटक केली ती कशासाठी, तर निवडणुकीतल्या जीपा आणि तेलाच्या कंत्राटाच्या आरोपावरून. दुसऱ्याच दिवशी मॅजिस्ट्रेटनं सोडून दिलं, लोकांची सहानुभूती मिळाली ती वेगळीच. स्पेशल कोर्टांचा कायदा यायला १९७९ उजाडलं आणि जानेवारी १९८० मध्ये त्या पुन्हा सत्तेत. म्हणजे तुरुंगात मार खाल्लेल्यांचा हिशोब राहिला बाजूला आणि जीप आली पुढं. धोरण चुकलं, महागाई वाढली, याचा हिशोब मतपेटीत होतो. बांधून मारणं हा गुन्हा आहे, त्याचा कोर्टातच व्हायला पाहिजे. हे दोन एका आरोपपत्रात कालवायचे नाहीत.

त्याच काळात केरळात राजन नावाचा इंजिनिअरिंगचा पोरगा १ मार्च १९७६ ला पोलिसांनी नेला तो परत आलाच नाही. वडील ईच्चर वारियर प्रत्येक दारात गेले, आणीबाणी उठल्यावर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे नेलेला माणूस कोर्टापुढं हजर करा असा अर्ज टाकला, आणि एप्रिल १९७७ मध्ये करुणाकरन यांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं, आणीबाणीत तेच गृहमंत्री होते. हे कुठल्या नव्या सरकारनं केलं नाही, एका बापाच्या अर्जानं झालं. पोराचं शव मात्र शेवटपर्यंत मिळालं नाही.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो. एक काका आहेत, यंत्रमागावर आयुष्य गेलं, आणीबाणीत पत्रकं वाटली म्हणून एका चौकीत दोन रात्री ठेवलं होतं. तळपायावर मारलं. आजही उन्हाळ्यात फरशी तापली की पाय टेकवत नाहीत, घरात चप्पल घालून फिरतात, आणि सुनेनं पाण्याची बादली आणून दिली की पाय बुडवून गप बसून राहतात. मी विचारलं, काका, शिक्षा व्हावी वाटते का त्यांना? म्हणाले, "शिक्षेचं राहू दे रे, मला तिथं नेलं होतं याची नोंदच नाही कुठं." ज्यांच्या नावाच्या चौकात आम्ही बसतो त्या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, पण त्यांच्या खटल्याचा कागद तरी आहे. काकांचा तेवढाही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, खटला भरावा, पण नोंद आधी आणि सुरुवात वरून. हुकूम देणारा आधी, लाठी धरणारा नंतर, नाहीतर दोन हवालदार सस्पेंड होतात आणि फाईल बंद.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे मागचं उकरू नका, पुढं बघा. २००९ मध्ये ओबामांनी हेच धरलं. सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या एका कैद्याला पाण्यात गुदमरवायचा प्रकार १८३ वेळा झाला होता, तरी २०१२ मध्ये तपास एकाही आरोपपत्राशिवाय बंद झाला. अर्जेंटिनात उलटं, १९८३ मध्ये लोकशाही आली, आधी आयोगानं ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद केली, १९८५ मध्ये लष्करी हुकूमशहा व्हिदेला याला जन्मठेप झाली. मग लष्कराच्या दबावाखाली खटले थांबवणारे कायदे आले, १९९० मध्ये त्याला माफी पण मिळाली. पण नोंद होती ना, म्हणून २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायदे उडवल्यावर खटले परत उभे राहिले, आणि व्हिदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. स्पर्धेत हा मुद्दा शेवटी ठेव असं मी पोरीला सांगितलं.

आपल्याकडची अडचण पण माहीत पाहिजे. सरकारी नोकरानं ड्युटीत केलेल्या कामाबद्दल खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १९७, आता नव्या संहितेत २१८. म्हणजे चावी सत्तेत असणाऱ्याच्याच खिशात, आज मंजुरी अडवायची, उद्या विरोधकावर सोडायची. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. तेव्हा कुणी खटल्याची भाषा केली की पहिलं विचारा, मंजुरी कोण देणार, तपास कुणाकडं, आणि तुमच्या स्वतःच्या चौकीतल्या मारहाणीला पण हेच लागू का.

आणि सरकार काही करेपर्यंत थांबू नका. असा माणूस घरात, गल्लीत असेल तर त्याच्याजवळ बसून लिहून घ्या, त्याच्याच शब्दात, मधे दुरुस्ती करायची नाही. रडला तर थांबायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. तारीख आठवत नसेल तर सण विचारा, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी का नंतर, पाऊस होता का, त्यावरून महिना सापडतो. सोबत कोण होतं, दवाखान्याची चिठ्ठी आहे का, तेही विचारा. प्रत्येक पानावर सही, खाली आजची तारीख, दोन झेरॉक्स, एक त्यांच्या घरी आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.