नवं पिस्तूल अडकतंय? आधी या चुका टाळा

मोहोळकडचा माझा एक भाचेजावई, बागायतदार माणूस, परवान्यावर नवं .३२ बोअरचं पिस्तूल घेऊन सोलापुरात घरी आला. "मामा, पहिल्या पन्नास गोळ्यांत सहा वेळा अडकलं बघा. मालच खराब लागलाय."

खोलून बघितलं. स्लाइडच्या (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) खाचांत कारखान्यातलं चिकट ग्रीस तसंच होतं, त्यावर शिलाई मशीनचं तेल ओतलेलं, आणि त्या चिखलात लाल-निळे धागे. चादरीच्या चिंधीनं पुसलं होतं! सोलापूरचा माणूस पुसायला दुसरं काय घेणार म्हणा. पण चादर आणि टॉवेल दोन्ही धागे सोडतात. जुन्या धोतराचा धुवट तुकडा घ्या.

कारखान्यातलं ग्रीस गंज लागू नये म्हणून असतं, चालवण्यासाठी नाही. ते पूर्ण काढा आणि घासणाऱ्या जागी बंदुकीच्या तेलाचा एकेक थेंब द्या. नळी आणि चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) कोरडं ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, पातळ तेल वाहून जातं आणि उरलेल्यावर धूळ बसते. काडतुसाला तर तेल लावूच नका, कॅपमध्ये (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) शिरलं तर बार उडत नाही.

खोलण्याआधीची चूक मात्र जिवावर बेतणारी. आधी मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) बाहेर, मगच स्लाइड मागे. उलटं केलंत तर मॅगझिनमधली पुढची गोळी पुन्हा चेंबरमध्ये जाते आणि तुम्ही पिस्तूल रिकामं समजून चाप ओढता. चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीनं चाचपा.

झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकते, तेव्हा बऱ्याचदा दोष मनगटाचा असतो. बहुतेक .३२ पिस्तुलांत स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग धरून ठेवतात. नवी स्प्रिंग ताठ असते. मनगट ढिलं पडलं की अख्खं पिस्तूल मागे येतं आणि स्लाइडला पूर्ण धाव मिळत नाही. तसंच स्लाइड हातानं हळूच पुढे सोडायची सवय. पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या, ती स्वतःच्या जोरावर बसली पाहिजे.

आता .३२ ची खास खोड. १८९९ च्या ब्राउनिंगच्या या काडतुसाची मागची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेपुढेच बसली पाहिजे. मागे बसली, की दोन्ही एकमेकींत गुंततात आणि वरची गोळी पुढे सरकतच नाही. आखूड टोकाच्या गोळ्यांत हे जास्त होतं, कारण त्यांना आत मागे-पुढे हलायला जागा मिळते. स्लाइडला धक्के मारून हे सुटत नाही. मॅगझिन काढून रिकामं करा, पुन्हा एकेक गोळी बघून भरा.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग गोळी काढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथंच थांबा. गोळीचं पुढचं टोक नळीत अडकलेलं असू शकतं, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून नळी तपासल्याशिवाय पुढचा बार नाही.

आणि एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे रॅम्प (गोळी ज्यावरून चेंबरमध्ये चढते तो उतार) घासायला नेऊ नका. घासलेला धातू परत येत नाही, आणि शस्त्र कायदा १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. चाचणीसुद्धा परवानगीच्या रेंजवरच करायची, उसाच्या फडात नाही.

जावयाला एकच काम सांगितलं. दोन्ही मॅगझिनवर १ आणि २ लिही, एकाच कंपनीच्या गोळ्या वापर, आणि कुठली गोळी, कुठलं मॅगझिन, कसं अडकलं ते वहीत टीप. काडतुसांचा कोटा मोजकाच, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साफसफाईनंतरच्या पन्नास गोळ्यांत दोनदा अडकलं, दोन्ही वेळा मॅगझिन नंबर २. वरची गोळी धरून ठेवणाऱ्या ओठाची एक कड आत वाकलेली होती. वही दाखवल्यावर डीलरनं मॅगझिन बदलून दिलं, पिस्तुलाला हात लावावाच लागला नाही.